ओल्या पायांचे दुखणे : औषधाइतकीच व्यवस्थेची गरज

आषाढ लागला की पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट ढगांत बुडून जातो. एका बाजूला सह्याद्रीचा कडा, दुसऱ्या बाजूला खोल दरी आणि मधून वाहणारे असंख्य धबधबे, असे हे दृश्य प्रवाशाला मोहून टाकते. परंतु त्याच पावसात घाटाच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यातील खाचरांत, बायामाणसे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गुडघाभर चिखलात उभी असतात. घाटाच्या वळणांवर मजूर दरडीची माती उपसत असतात. वाडीवरची मुले वहाळ ओलांडून शाळेत पोहोचतात व ओल्या पायांनीच वर्गात बसतात. या सर्वांना जडणारे एक दुखणे इतके नित्याचे झाले आहे की त्याला कोणी दुखणे म्हणतच नाही. पावसाळा आहे, पायाला चिखल्या व्हायच्याच, असे म्हणून ते सोसले जाते.

हे दुखणे टाळता येते. त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. मात्र ते एकट्यादुकट्याच्या सावधगिरीने टळत नाही. त्यासाठी गावाने, शाळेने व कामावर देखरेख करणाऱ्याने थोडी आखणी करावी लागते. हे कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाऊस, उतार आणि खाचर

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून आत, सह्याद्रीला टेकलेले तालुके. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरला तर सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्याचा बराचसा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. पायथ्याशी पावसाळ्यातही हवा उबदार असते. परंतु घाट चढून गेल्यावर जुलैमध्ये पारा १७ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत खाली येतो, आणि वारा व पाऊस यांमुळे अंगाला जाणवणारी थंडी त्याहून अधिक असते.

भातलावणीचा हंगाम नेमका याच दिवसांत येतो. रोपे साधारणतः एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की ती काढून चिखलणी केलेल्या खाचरात लावावी लागतात. लावणी लांबली तर उत्पन्न घटते. त्यामुळे जूनअखेरपासून जुलैअखेरपर्यंत घरातील प्रत्येक हात शेतात असतो. डोक्यावर इरले, घोंगडी किंवा प्लॅस्टिकचा कागद असतो, पण पायांना काहीच नसते. चिखलात चप्पल टिकत नाही, बूट रुतून बसतो. रोप काढणे व लावणे ही कामे बहुतांशी स्त्रियांकडे असल्याने या दुखण्याचा भारही मुख्यतः त्यांच्याच पायांवर पडतो. ऐन लावणीत घरातील बाई चार दिवस अंथरुणाला खिळली, तर त्या घराची वर्षाची बेगमी अडचणीत येते. म्हणूनच ती पाय दुखत असतानाही खाचरात उतरते आणि साधी चिखली पुढे जखमेचे रूप घेते.

पाण्यात पायाचे काय होते?

त्वचेचा सर्वांत वरचा थर हा शरीराचा तट होय. तळपायावर तो विशेष जाड असतो. पाय बराच वेळ पाण्यात राहिला की हा थर पाणी शोषून फुगतो. त्वचा पांढुरकी पडते, तिला सुरकुत्या पडतात व ती मऊ होते. मऊ झालेली त्वचा खडा, काटा किंवा चपलेचा पट्टा यांच्या साध्या घर्षणानेही सोलवटते. बोटांच्या बेचक्यांत ओल सर्वांत जास्त काळ राहत असल्याने भेगा तेथे प्रथम पडतात. या भेगांत बुरशी व जंतू शिरले की खाज, आग, दुर्गंधी आणि पू ही पुढची लक्षणे दिसू लागतात. आपल्याकडे ज्यांना चिखल्या म्हणतात, त्या म्हणजे ओलीने कुजलेली त्वचा आणि तीत शिरलेला संसर्ग यांचे मिश्रण होय.

पाण्याबरोबर गारठाही असला की इजा अधिक खोल जाते. हवेच्या तुलनेत पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने खेचून घेते. शरीर आपली ऊब राखण्यासाठी पायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. पायांना रक्त कमी पोहोचते, आणि ही स्थिती तासन् तास टिकली तर प्राणवायूअभावी मज्जातंतू व सूक्ष्म रक्तवाहिन्या दुखावतात. पाय प्रथम गार, पांढुरका व बधिर होतो. कापसावर चालल्यासारखे वाटते. पाय कोरडा होऊन ऊब येऊ लागली की तो लाल होतो, सुजतो आणि त्याची तीव्र आग होते. ही आग काही आठवडे राहू शकते. इजा गंभीर असल्यास फोड येतात, मांस मरते. आणि बरे झाल्यावरही थंडीत पाय ठणकण्याची खोड वर्षानुवर्षे मागे राहते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अशा इजेसाठी बर्फ पडावा लागत नाही. पाणी न गोठताही, शून्य ते सुमारे पंधरा अंशांच्या गारठ्यात, ओल्या पायांना ती होऊ शकते. आंबेनळीच्या माथ्यावरील पावसाळी रात्र या मर्यादेच्या अगदी जवळ जाते. पायथ्याच्या खाचरांतील पाणी मात्र उबदार असते. तेथे आढळतो तो याच दुखण्याचा सौम्य, उष्ण पाण्यातील प्रकार. त्यात तळपाय पांढरे व जाड होतात, चालताना टोचतात. परंतु पाय वेळीच कोरडे केले तर काही दिवसांत पूर्ववत होतात. दोन्ही प्रकारांत इजेचे माप ठरते ते पाय अखंड किती तास ओले राहिले यावरून.

भूक, थकवा, तंबाखू व विडी, घट्ट ओले बूट आणि एकाच जागी न हलता उभे राहणे यांमुळे इजा बळावते. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या पायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते. जखम झाल्याचे तिला कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

खंदकातून मिळालेला धडा

या दुखण्याकडे जगाचे लक्ष गेले ते युद्धांमुळे. नेपोलियनच्या सैन्याने १८१२ साली रशियातून माघार घेतली, तेव्हा त्याचा शल्यवैद्य लारे याने थंडी व ओलीने बिघडलेल्या पायांचे वर्णन करून ठेवले. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्स व बेल्जियममधील खंदकांत सैनिक दिवसचे दिवस गुडघाभर पाण्यात उभे राहिले. १९१४-१५ च्या पहिल्याच हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश सैन्यातील सुमारे वीस हजार सैनिकांना या इजेने जायबंदी केले आणि ‘ट्रेंच फूट’, म्हणजे खंदकातील पाय, हे नाव रूढ झाले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. त्याच हिवाळ्यात भारतीय सैन्यही फ्रान्सच्या आघाडीवर होते. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स दलाच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस न्यूव्ह शापेल येथे लढल्या. या दलात मराठी शिपाई होते. खुद्द महाड तालुक्यातील फौजी आंबवडे या गावाची सैनिकी परंपराही पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाते. शत्रूच्या गोळीइतकाच पायाखालचा चिखल शिपायाला निकामी करतो, हे त्या पिढीने अनुभवले.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग कोणत्याही नव्या औषधाने दाखविला नाही. सैन्याने काही साधे नियम केले. प्रत्येक शिपायाने दिवसातून निदान एकदा बूट काढून पाय पुसावेत, तेल चोळावे व कोरडे मोजे घालावेत. शिपायांच्या जोड्या लावाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचे पाय तपासावेत. खंदकाच्या तळाशी लाकडी फळ्या टाकून पाय पाण्याच्या वर ठेवावेत. तुकड्यांची पाळी बदलत राहावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तुकडीत हे दुखणे वाढले तर त्याचा जाब त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला विचारला जाऊ लागला. शिपायाचे पाय ही त्याची खाजगी बाब न राहता तुकडीची जबाबदारी झाली, आणि या दुखण्याचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

दुसरा अनुभव आपल्या परिस्थितीला अधिक जवळचा आहे. व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी सैनिक भातखाचरांतून वावरत होते. पाणी उबदार होते, तरीही दोनतीन दिवसांत पाय निकामी होत. या दुखण्याला त्यांनी भातखाचराचेच नाव दिले. तेथील नवव्या पायदळ डिव्हिजनने अखेर असा दंडक घातला की सुमारे ४८ तास पाण्यात काढल्यावर सैनिकांना एक दिवस कोरड्या जागी ठेवावे. कोरड्यात घालविलेला वेळ हाच त्यावरील उतारा ठरला. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ही काळजी पुरेशी घेता आली नाही, तेव्हा आधुनिक सैन्यालाही या जुन्या दुखण्याने पुन्हा गाठले.

आपल्या शेतकरी स्त्रीला सैनिकापेक्षा एक गोष्ट अनुकूल आहे. ती रात्री घरी येते. त्या सात-आठ तासांत पाय खरोखर कोरडे राहिले, तर दिवसभराची बरीच हानी भरून निघते. परंतु घराच्या पडवीत ओल असेल, जमीन पाझरत असेल आणि त्याच ओल्या पायांनी स्वयंपाक व गुरांचे काम उरकावे लागत असेल, तर ही संधी हातची जाते.

चुलीचा शेक धोक्याचा

गारठलेले पाय चुलीपुढे किंवा शेगडीवर शेकणे ही आपल्याकडील सार्वत्रिक सवय आहे. नेमकी हीच सवय टाळली पाहिजे. बधिर पायाला चटका कळत नाही, त्यामुळे कातडी भाजली तरी माणूस पाय मागे घेत नाही. शिवाय, रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला एकदम उष्णता दिली की त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि इजा बळावते. कढत पाण्यात पाय बुडविणे किंवा जोरजोराने चोळणे हेही तितकेच अपायकारक होय.

योग्य क्रम असा आहे. प्रथम ओले बूट, मोजे व चपला काढाव्यात. पायांतील जोडवीही काढावीत. सूज आल्यावर ती बोटात रुततात आणि एरवीही त्यांच्याखाली ओल साचून राहते. पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन मऊ सुती फडक्याने टिपावेत, बेचक्या विशेष काळजीने कोरड्या कराव्यात. त्यानंतर अंगावर कोरडे कपडे व घोंगडी घेऊन गरम पेय प्यावे आणि पाय उशीवर किंचित उंच ठेवून उघड्या, कोरड्या हवेत आपोआप उबदार होऊ द्यावेत. फोड फोडू नयेत. जखमेवर तंबाखू, चुना किंवा रॉकेल लावू नये.

लावणीपूर्वी पायांना मेंदीचा लेप देण्याची, तसेच खोबरेल किंवा कोकमतेल लावण्याची प्रथा कोकणात जुनी आहे. धडधाकट त्वचेवर तेलाचा थर पाण्याला काही प्रमाणात अडवितो आणि कोकमतेलाने भेगा मऊ होतात. या प्रथा टाकून देण्याचे कारण नाही. मात्र पू झालेल्या किंवा उघड्या जखमेवर त्या औषध म्हणून पुरेशा नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

पाय कोरडा होऊनही बधिरपणा न जाणे, कातडी निळी-काळी पडणे, मोठे फोड, पू, दुर्गंधी, पायावरून वर चढणारी लाल रेघ किंवा ताप यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. मधुमेही व्यक्तीने तर लहानशी भेगही डॉक्टरांना दाखवावी. चिखलात जखम झाल्यास धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी.

भेगांतून शिरणारा ताप

ओलीने फाटलेल्या पायाचा आणखी एक धोका आहे. उंदीर, गुरे व अन्य जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात व चिखलात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते त्वचेच्या भेगांतून शरीरात शिरतात. चिखलात काम केल्यावर, साधारणतः पाच ते चौदा दिवसांनी, अचानक थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, पोटऱ्या व कंबर दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर तो साधा ताप समजून अंगावर काढू नये. वेळेवर उपचार झाल्यास हा रोग बरा होतो. दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंड व यकृत निकामी होऊन प्राणावर बेतू शकते. आपण भातशेतात काम करतो, हे रुग्णाने डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान सोपे होते. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

आपत्तीच्या काळात

२८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. तीत फक्त एकच प्रवासी वाचला. पाऊस व धुक्यात स्थानिक गिर्यारोहक व शासकीय पथके दोरांच्या साहाय्याने दरीत उतरत होती. पुढे २२ जुलै २०२१ च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखरसुतारवाडी येथे दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. आंबेनळीचा रस्ताही ठिकठिकाणी दरडींखाली गेला व खचला.

अशा वेळी जीव वाचविणे हेच पहिले कर्तव्य असते आणि पायांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. परंतु बचावकार्य करणारे, रस्ता मोकळा करणारे मजूर, वीजतारा जोडणारे कर्मचारी व घरातला गाळ उपसणारी कुटुंबे सलग काही दिवस ओल्या पायांनी वावरतात. रबरी बूट काचा व खिळ्यांपासून रक्षण करतात, पण त्यांत एकदा पाणी शिरले की तेच बूट पाय कुजविण्याचे साधन होतात. म्हणून मदतसामग्रीच्या यादीत धान्य व चादरींच्या जोडीला कोरडे मोजे, सुती पंचे, साबण व चपला यांचा समावेश असावा. आणि पथकप्रमुखाने पाळी बदलताना प्रत्येकाचे पाय पाहूनच त्याला पुन्हा कामावर पाठवावे.

गाव आणि शाळा काय करू शकतात?

ग्रामपंचायतीने जूनच्या प्रारंभी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. लावणी सामूहिक असते, एकमेकांच्या शेतावर माणसे जातात. तेव्हा दुपारच्या भाकरीच्या वेळी अर्धा-पाऊण तास बांधावर नव्हे, तर मांडवात किंवा पडवीत, पाय धुऊन व पुसून कोरड्यात बसण्याचा रिवाज पाडता येईल. ज्याच्या शेतात लावणी, त्याने कोरडे गोणपाट व स्वच्छ पाण्याची घागर ठेवावी, इतके ठरले तरी पुरे. रोप काढणे, रोप वाहणे व लावणे या कामांची अदलाबदल केल्यास एकाच व्यक्तीचे पाय अखंड पाण्यात राहणार नाहीत. आशा कार्यकर्तीने हंगामात घरभेटीच्या वेळी तापाबरोबर पायांचीही विचारपूस करावी, विशेषतः मधुमेही व वृद्ध व्यक्तींची.

शिक्षकांचे काम तर अधिक सोपे आहे. वर्गाच्या दाराशी गोणपाट टाकावे, ओले बूट व मोजे बाहेर काढून ठेवावयास सांगावेत आणि मुलांना पाय पुसून बसू द्यावे. पावसाळ्यात बुटांची सक्ती न करता मोकळी चप्पल किंवा सॅण्डल चालवून घ्यावी. आठवड्यातून एकदा नखांच्या तपासणीसोबत बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. शाळेत शिकलेली सवय मूल घरी नेते आणि आईच्या पायांकडे घरातील कोणाचे तरी लक्ष जाते.

मूळ कारणावरही उपाय निघू लागले आहेत. रायगड जिल्ह्यातच, कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायमच्या गादीवाफ्यांवर बी टोकले जाते. त्यामुळे चिखलणी व लावणी ही दोन्ही कामे टळतात. सर्वच खाचरांना ते मानवेल असे नाही. तण व पाण्याचे नियोजन त्यात काळजीने करावे लागते. परंतु मजुरी व श्रम वाचविण्याच्या दृष्टीने ज्याचा विचार होतो, त्या तंत्रामुळे बाईचे पायही चिखलाबाहेर राहतात, ही गोष्ट कृषी अधिकाऱ्यांनी शेतकऱ्यांपुढे मांडावयास हवी.

आंबेनळीचा पाऊस कोणाच्या सांगण्याने थांबणार नाही, आणि थांबावा अशी कोणाची इच्छाही नाही; त्या पावसावरच या खोऱ्याचे भात पिकते. पाय ओले होणे अटळ आहे. ते ओलेच राहू देणे मात्र अटळ नाही. शंभर वर्षांपूर्वी खंदकातील शिपायाचे पाय पाहणे हे त्याच्या अधिकाऱ्याचे काम मानले गेले, तेव्हाच ते वाचले. खाचरात उभ्या असलेल्या बाईच्या पायांची जबाबदारी तितक्याच आस्थेने गावाने स्वीकारली, तर येत्या आषाढात पोलादपूर व महाडच्या कित्येक घरांतील लावणी वेदनेविना पार पडेल.